जिंकलेल्या खटल्यातून माघार कशाला, गव्हर्नरबाई?

मा. गव्हर्नर, न्यूयॉर्क राज्य, ऑल्बनी यांस,

स. न. वि. वि.

इंग्रजीतून तीन पत्रं पाठवून झाली. तिन्हींना एकच छापील उत्तर आलं, आभाराचं. म्हणून हे चौथं मराठीत लिहितेय. तुम्हाला कळणार नाही, पण इंग्रजी तरी कुठे कळलं होतं?

मे २०२३ मध्ये तुम्ही सही केलीत : सात मजल्यांपर्यंतच्या नव्या इमारतींत २०२६ पासून गॅस नाही, स्वयंपाक आणि हीटिंग सगळं विजेवर. असा कायदा करणारं देशातलं पहिलं राज्य म्हणून पाठ थोपटून घेतलीत. बिल्डर आणि गॅसवाले कोर्टात गेले. जुलै २०२५ मध्ये फेडरल न्यायाधीशांनी निकाल तुमच्या बाजूने दिला. आणि नोव्हेंबरात तुमच्याच सरकारने लिहून दिलं, की अपिलाचा निकाल लागेपर्यंत आम्ही कायदा लागू करत नाही. हरलेला माणूस मुदत मागतो हे ठाऊक होतं. जिंकलेला शेपूट घालतो हे पहिल्यांदाच पाहिलं.

आमच्या नासाऊत, न्यूयॉर्क शहराला लागून असलेल्या काउंटीत, स्टेशनजवळ पाच मजली इमारत होतेय. तिथे आम्ही इसार दिला तो माहितीपत्रकातल्या एका ओळीवर भाळून : ‘पूर्णपणे विजेवर चालणारं घर’. आता बिल्डरचं पत्र आलंय. ‘ग्राहकांच्या सोयीसाठी’ गॅसची शेगडी आणि गॅसचाच बॉयलर. इसार परत मागितला तर करारातलं मुंगीएवढ्या अक्षरांतलं कलम दाखवतात. दोन सिग्नल ओलांडले की क्वीन्स, म्हणजे न्यूयॉर्क शहराची हद्द. तिथे शहराचा स्वतःचा कायदा २०२४ पासून चालू आहे, बैठ्या नव्या इमारती विजेवर उभ्या राहताहेत. आभाळ काही कोसळलेलं नाही. म्हणजे माझ्या पोराने कुठली हवा घ्यायची हे सिग्नलने ठरवायचं!

या कायद्यासाठी माझी लेक आणि तिच्या शाळेतली सातआठ पोरं दहावीपासून राबली. टाउन बोर्डाच्या सभेत माइकवर तीन मिनिटं मिळतात. ती बोलायची तेव्हा एक सभासद हमखास फोनमध्ये डोकं घालून बसायचे. ती मुलं पहाटे बस करून ऑल्बनीला आली, तुमच्या पायऱ्यांवर थंडीत उभी राहिली.

खरं सांगते, घरातली पहिली विरोधक मीच. आचेवर टम्म फुगला नाही तर तो फुलका कसला? साताऱ्याला माझ्या आईच्या हातात फुंकणी असायची. आमच्याकडे सिलिंडर आला त्या दिवशी तिने टाकीला हळदकुंकू वाहिलं होतं. गॅस म्हणजे सुटका, असं शिकून मी मोठी झालेय.

मग पोरीने कुठूनसं मीटर आणून ओट्यावर ठेवलं. मी थालीपीठ लावलं होतं. वीस मिनिटांत नायट्रोजन डायऑक्साइड या विषारी वायूचा आकडा १३० पीपीबीच्या (हवेच्या अब्ज भागांत १३० भाग) वर. बाहेरच्या हवेसाठी फेडरल मर्यादा तासाभराच्या सरासरीला १०० आहे म्हणे, घरातल्या हवेचं कुणाला पडलंय? नंतर तिने फ्रीजवरचा चुंबक काढून माझी सगळी भांडी तपासली; चुंबक चिकटेल तेच भांडं विजेच्या इंडक्शन शेगडीवर चालतं. बिडाचा तवा पास, ॲल्युमिनियमची कढई नापास. (भरताचं वांगं मी अंगणात कोळशावर भाजेन, त्याची काळजी तुम्ही करू नका.)

धाकट्याला दमा आहे. आमच्या भाड्याच्या बेसमेंटमधली चिमणी धूर बाहेर टाकत नाही, जाळीतून फिरवून परत आपल्याच तोंडावर सोडते. फेब्रुवारीत पहाटे तीन वाजता त्याला इमर्जन्सीत नेलं. तो बोलत नव्हता, नुसती बोटं दाखवत होता, एका श्वासाला एक. नवरा म्हणतो, बिलाचं लिहू नकोस, रडगाणं वाटेल. वाटू दे. इन्शुरन्स असून १,८०० डॉलर.

२०२२ च्या एका अभ्यासाने तुमच्या राज्यातल्या मुलांच्या दम्यापैकी जवळजवळ १९ टक्के भार गॅसच्या शेगडीवर टाकला होता. गॅसवाले म्हणतात, आकडा फुगवलाय. बरं, अर्धा धरा. अर्ध्यातलाही एक माझ्याच घरात झोपलाय.

वीज गेली तर काय, असं तुमची माणसं विचारतात. २०१२ च्या सँडी वादळात आमची वीज आठवडाभर नव्हती. घर तापवायला गॅसची भट्टी होती की! तिचा पंखा विजेवर चालतो, त्यामुळे आम्ही गॅस असून कुडकुडलो. वीज महाग पडेल, असंही म्हणतात. मग २०१९ च्या हवामान कायद्यातली २०३० पर्यंतची हरितगृह वायूंची ४० टक्के कपात कुठून आणणार होतात? जुन्या घरांना तर तुम्ही हातच लावलेला नाही, रेस्टॉरंटं, इस्पितळं आधीच वगळलीत. उरली होती नवी घरं. आता त्यांतही पाइप पडतोय, आणि एकदा पडलेला पाइप पन्नास वर्षं कोण उकरतोय?

तुमच्याच पक्षाच्या काही आमदारांनी ‘थांबा’ असं पत्र दिलं. ते मात्र तुम्हाला बरं वाचता आलं. सातारची नगरपालिका असो की ऑल्बनी, बिल्डरचा कागद वरच्या टेबलावर जातो आणि आमचा आवक-जावकच्या वहीत. २०२६ ला निवडणूक आहे, तेव्हा आमच्या देवळात याल, टिळा लावून घ्याल, समोसा खाल. तो समोसा गॅसवर तळलेला असेल.

मागणी एवढीच, की कायदा कधीपासून ते तारीख घालून सांगा. ‘योग्य वेळी’ नको, तारीख. लेक आता कॉलेजात आहे, पण येत्या अधिवेशनाला पुन्हा येणार म्हणते. दारावरच्या माणसाला सांगून ठेवा. तीन मिनिटांत बोलायची तिला सवय आहे.

आपली,
नासाऊतली एक मतदार