नव्व्याण्णव टक्क्यांमागचा हिशेबही छापावा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत माणूस आणि चिंपांझी ९९ टक्के सारखे असल्याचा लेख वाचला. आकडा खोटा नाही, पण तो कशाची मोजदाद करून आला हे लेखात कुठेही सांगितलेले नाही आणि सोबत चित्र मात्र लांब शेपटीच्या माकडाचे छापले आहे. अंजनेरीला किंवा सप्तशृंग गडावर हातातल्या पिशवीवर झडप घालणारी माकडे पाहत वाढलेल्या आमच्या मुलांचा अशा चित्राने हमखास गैरसमज होतो. चिंपांझीला शेपूट नसते आणि जनुकीय नात्याने तो या माकडांपेक्षा आपल्याला कितीतरी जवळचा आहे. शिवाय माणूस आजच्या चिंपांझीपासून झालेला नाही. सुमारे साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी दोघांचा पूर्वज एक होता आणि तेथून दोन वाटा फुटल्या.

आता आकड्याविषयी. क्लिंट नावाच्या एका चिंपांझीच्या डीएनएचे वाचन प्रामुख्याने आधाराला घेऊन त्या प्रजातीच्या जनुकसंचाचा, म्हणजे पेशीतल्या संपूर्ण डीएनएचा, आराखडा सप्टेंबर २००५ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झाला. डीएनएतल्या ए, टी, जी, सी या चार घटकांना अक्षरे म्हटले, तर सुमारे तीन अब्ज अक्षरांच्या या मजकुरात, जेथे माणसाच्या आणि चिंपांझीच्या दोन्ही प्रती ओळीला ओळ लावून ताडता आल्या, तेथे साडेतीन कोटी अक्षरे वेगळी निघाली, म्हणजे १.२३ टक्के. परंतु जुन्या पोथीच्या दोन प्रती ताडून पाहताना बदललेली अक्षरे मोजून काम संपत नाही, कारण एखाद्या लेखनिकाकडून अख्खी ओळ गळलेली असते, तर दुसऱ्याकडून तीच ओळ दोनदा उतरलेली असते. अशा गळालेल्या किंवा वाढलेल्या तुकड्यांच्या जागा सुमारे पन्नास लाख भरल्या आणि त्यांतली अक्षरे हिशेबात धरली तर फरक चार टक्क्यांच्या आसपास जातो. गळलेली ओळ हा एक फरक मानायचा की तिच्यातली चाळीस अक्षरे हे चाळीस फरक मानायचे, यावर उत्तर बदलते, आणि नेमके हेच वाचकाला सांगायला हवे होते.

ते न सांगितल्याचा परिणाम मी सध्या पाहते आहे. २०२५ मध्ये कपींचे (चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान अशा बिनशेपटीच्या प्राण्यांचे) जनुकसंच टोकापासून टोकापर्यंत वाचून झाले आणि त्यांचा १२.५ ते २७.३ टक्के भाग एकास एक असा जुळवता येत नाही, असे दिसले. लगेच ‘९९ टक्क्यांचे थोतांड उघडे पडले’ असे संदेश मोबाइलवर फिरू लागले. जुळवता न आलेला भाग हे वेगळे माप आहे. त्याने अक्षराला अक्षर ताडून काढलेला जुना आकडा मोडीत निघत नाही.

दोघांच्या एकाच पूर्वजाची साक्ष टक्क्यांपलीकडेही मिळते. मी नाशिकरोडच्या एका शाळेत सव्वीस वर्षे विज्ञान शिकवले. चिंपांझीत गुणसूत्रांच्या, म्हणजे डीएनए ज्यांत गुंडाळलेला असतो त्या धाग्यांच्या, २४ जोड्या असतात आणि माणसात २३, तेव्हा एक जोडी गेली कुठे, हा प्रश्न दरवर्षी वर्गात निघे. दोन गुणसूत्रे जुळून माणसात एक झाले, हे दाखवायला मी दोघांच्या गुणसूत्रांच्या चित्रांच्या झेरॉक्स वाटत असे. मुले चिंपांझीची दोन गुणसूत्रे कात्रीने कापून टोकाला टोक लावून वहीत चिकटवत आणि शेजारी माणसाचे दुसऱ्या क्रमांकाचे गुणसूत्र ठेवत. त्यांवरचे काळे-पांढरे पट्टे जवळजवळ पट्ट्याला पट्टा जुळत. एका वर्षी शेवटच्या बाकावरच्या मुलीने विचारले, “बाई, जोडलं असेल तर सांध्याची खूण राहिली असेल ना?” इतका नेमका प्रश्न मला त्याआधी कोणी विचारला नव्हता. खूण राहिली आहे आणि ती १९९१ मध्ये सापडली. गुणसूत्राच्या टोकांना टीटीएजीजीजी ही अक्षरे पुन्हा पुन्हा येतात. येवल्याच्या दोन पैठण्यांचे पदर एकमेकांना शिवले तर पदराची नक्षी कापडाच्या मधोमध येईल, तशी ही टोकाची अक्षरे आपल्या दुसऱ्या गुणसूत्राच्या आत सापडतात, सांध्यापर्यंत सुलट आणि सांध्यापुढे उलट.

राहता राहिला प्रश्न, एवढ्याशा फरकाने माणूस इतका निराळा कसा झाला. मेरी-क्लेअर किंग आणि अ‍ॅलन विल्सन या शास्त्रज्ञांनी १९७५ मध्येच मांडले होते की दोघांची प्रथिने जवळपास सारखी आहेत आणि मोठा फरक जनुके केव्हा, कुठे, किती चालतात यात असावा. २००६ मध्ये डीएनएचा ११८ अक्षरांचा एक तुकडा उजेडात आला. कोंबडी आणि चिंपांझी यांच्यात त्यातली अवघी दोन अक्षरे वेगळी आहेत, तर चिंपांझी आणि माणूस यांच्यात अठरा, आणि तो तुकडा गर्भातल्या मेंदूची घडण होत असताना कार्यरत असतो. कोणताही टक्का छापण्यापेक्षा हे एक उदाहरण छापले असते तर वाचकांच्या हाती अधिक लागले असते.

२०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग दोनमध्ये ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पहिलाच पाठ आहे आणि तो शिकणारी मुले आपले वृत्तपत्र वाचतात. म्हणून विनंती, की येत्या पुरवणीत माकडाच्या जागी चिंपांझीचे चित्र द्यावे आणि ९९ टक्के हा आकडा कशाचा, हे चार ओळींच्या चौकटीत छापावे.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका,
नाशिकरोड, नाशिक