आत येऊन विचारायला हवे होते

महोदय,

गेल्या आठवड्यात आपल्या ठाणे पुरवणीत टेंभी नाक्याजवळच्या आमच्या सिनेगॉगची, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाची, बातमी आली. कात्रण ठेवावे म्हणून कात्री घेऊन बसले आणि मथळ्यावरच हात थांबला. ‘ज्यूंचे चर्च’. खाली ‘ठाण्यात राहणारे इस्रायली नागरिक’ आणि पुढे आम्ही डेव्हिड ससून यांचे वंशज!

आम्ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, भारताचे नागरिक, घरात मराठी बोलणारे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटले आणि त्यातून आमचे पूर्वज वाचले, ही कथा मी आजीकडून ऐकली. कोकणात ते तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. ससून एकोणिसाव्या शतकात बगदादहून मुंबईत आले. ते बगदादी ज्यू, त्यांचे घराणे वेगळे. आमचे सिनेगॉग शाआर हाशामाईम, म्हणजे स्वर्गाचे दार, १८७९ सालचे.

मलिद्याला ‘शिऱ्यासारखा पदार्थ’ म्हटले आहे. मलिदा म्हणजे भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वेलची आणि सोबत फळे. प्रेषित एलियाहू हन्नाबींचे स्मरण करून, प्रार्थना म्हणून मगच ताट फिरते. बातमीदार आले त्या दिवशीचे नारळ मी स्वतः खवले होते.

सगळ्यात लागला तो ‘इस्रायली नागरिक’ हा शब्द. २०१६ मध्ये राज्य सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, तो इथल्याच माणसांना ना? बातमी वाचून सोसायटीतल्या एका मुलाने जिन्यात विचारले, “आजी, तुम्ही तुमच्या देशात परत कधी जाणार?” त्याच्या आईला मी शाळेत मराठी शिकवले आहे.

बातमीदार फाटकावर फोटो काढून गेले. आत येऊन विचारले असते तर दहा मिनिटांत सगळे सांगितले असते, मलिदाही दिला असता. हे फक्त आमच्याच बाबतीत होते असे नाही. तोंडावर मुहपत्ती, म्हणजे पांढरी कापडी पट्टी, बांधलेल्या श्वेतांबर जैन साधूंच्या फोटोखाली ‘दिगंबर मुनी’ छापलेले मी पाहिले आहे. बोहरी आणि खोजा या दोन वेगळ्या मुस्लिम समाजांची सरमिसळ तर नेहमीचीच.

मी फोन केला तेव्हा ‘किरकोळ चूक आहे, पुढच्या वेळी बघू’ असे उत्तर मिळाले. चुकीची दुरुस्ती लवकर आणि ठळकपणे छापावी, असे वृत्तपत्रांवर देखरेख करणाऱ्या प्रेस कौन्सिलचे निकष सांगतात. बातमी पुरवणीच्या पहिल्या पानावर होती. दुरुस्तीही तिथेच, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापा. जिन्यातल्या त्या मुलाला ती मला वाचून दाखवायची आहे.

— एक निवृत्त मराठी शिक्षिका, चरई, ठाणे