मशीनमागचा आधार उभा करून देणाऱ्या मिस्त्रीकाकांना

मिस्त्रीकाका, सप्रेम नमस्कार.

तुमचे आभार चारचौघांत मानायचे ठरवले, कारण टेबल सॉवर, म्हणजे टेबलातून वर आलेल्या गोल पात्याच्या करवत-मशीनवर, एकट्याने लांब माल कापणाऱ्या प्रत्येकाला तुमची शिकवण उपयोगी पडेल.

आमच्या वर्कशॉपची जमीन एका बाजूला उतरती, मध्ये बसलेली. कापलेला माल टेकवायला मशीनमागे ठेवलेल्या टेबलाचे तीन पाय टेकायचे, चौथा अधांतरी. तुम्ही आलात आणि आधी माझ्या हातातली पाणसळ बाजूला ठेवायला लावलीत. म्हणालात, "जमीन विसर. मशीनचं टेबल हीच तुझी जमीन." मशीन स्वतःच थोडं कललेलं असेल, तर मागचं टेबलही तितकंच कललेलं हवं, हे इतक्या सरळपणे मला कोणी सांगितलं नव्हतं. मग मशीनवरून मागच्या टेबलापर्यंत ॲल्युमिनियमची लांब पट्टी टाकलीत, गुडघ्यावर बसून तिच्यामागे बॅटरी धरलीत, आणि खालून दिसणारी उजेडाची रेघ मला दाखवलीत. फट कुठे वाढते, कुठे मिटते, सगळं त्या रेघेत होतं.

आधार का हवा, तेही तुम्ही नीट समजावलंत. 8 बाय 4 फुटांचा, 18 मिमीचा प्लाय तीसेक किलोंचा. निम्म्याहून जास्त मागे गेला की शेपूट खाली जाते, पुढचा भाग उचलतो आणि माणूस तो दाबायला हात पात्याजवळ नेतो. माल वाकडा झाला की पात्यात आवळतो आणि पात्याचे मागचे दात तो उचलून आपल्याच अंगावर फेकतात. राइव्हिंग नाइफ, म्हणजे पात्यामागची उभी पातळ पट्टी, काप मिटू देत नाही, पण झुकणारं वजन काही ती पेलत नाही.

तुमची युक्ती मला फार आवडली: मशीनकडच्या बाजूला पायच नकोत. मशीनच्या मागच्या बाजूला अँगल (काटकोनी लोखंडी पट्टी) बसवून टेबलाची कड त्यावर टेकवली, म्हणजे तिथली उंची जमिनीच्या हातात राहिलीच नाही. उरले लांबचे दोन पाय, त्यांना एम 12 चे, म्हणजे 12 मिमी जाडीचे, बोल्ट. एक पूर्ण फेरा म्हणजे पावणेदोन मिमी, पाव फेरा म्हणजे अर्ध्या मिमीहूनही कमी. उंची जमली की चेकनट, म्हणजे बोल्ट फिरू न देणारा जादा नट, आवळायचा. पायाखाली प्लायचे तुकडे सरकवायचे नाहीत, मशीनच्या थरथरीने ते निसटतात. हलक्या, उचलून नेण्याच्या मशीनला मात्र असं वजन टांगू नये, ते मशीनच उलटू शकतं, हेही तुम्ही बजावलंत.

मागचं टेबल अर्धा सूत (दीडेक मिमी) खाली ठेवलंत, पुढची कड तासलीत, म्हणजे माल अडत नाही. माइटर गेज (माल कोनात धरून पुढे सरकवायचं साधन) ज्यांत सरकतं त्या खाचा मागेही वाढवायला लावल्यात. आणि पायांच्या जागी जमिनीवर रंगाने खुणा केल्यात, कारण मशीन वीतभर सरकलं तरी खालची जमीन बदलते.

सगळे बोल्ट तुम्ही मलाच फिरवायला लावलेत, त्याबद्दल विशेष आभार. आता जमीन बदलली तरी मी स्वतः जुळवून घेतो. लांब फळी एकट्याने पार करताना हात पात्यापासून दूर राहतात.

आता डाव्या बाजूचा आधार करायला घेतोय. तिथली जमीन तर अजूनच खचलेली आहे. अँगलची जागा नक्की करण्याआधी एकदा तुम्हाला दाखवीन म्हणतो.

आपला ऋणी,
वर्कशॉपवाला