शेवटच्या महिन्यावरच सारा ठपका का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हंगामाच्या अखेरीस आघाडी गमावलेल्या संघाविषयी लिहिताना आपल्या क्रीडापानावर ‘कच खाल्ली’, ‘नांगी टाकली’ असे शब्द सर्रास वापरले जातात. शालेय बेसबॉल शिकविण्यात हयात गेलेल्या माझ्यासारख्या वाचकाला ते खटकतात, कारण त्यांतून पराभवाची मीमांसा होत नाही, खेळाडूंच्या हिमतीवर ठपका मात्र बसतो.

अमेरिकेच्या मेजर लीग या व्यावसायिक बेसबॉल स्पर्धेत प्रत्येक संघाला हंगामात १६२ सामने खेळावे लागतात. २०११ साली बोस्टन रेड सॉक्स सप्टेंबरच्या प्रारंभी वाइल्ड कार्डच्या, म्हणजे गटविजेत्यांखेरीज बाद फेरीत मिळणाऱ्या जागेच्या, शर्यतीत नऊ सामन्यांनी पुढे होता (ही आघाडी दोन संघांच्या विजयांतील व पराभवांतील फरकांची सरासरी असते, म्हणून ती अर्ध्या सामन्याचीही असू शकते). त्या महिन्यात त्याने सात सामने जिंकले, वीस गमावले आणि अखेरच्या रात्री टॅम्पा बे संघ एका विजयाच्या फरकाने पुढे निघून गेला. मग पिचर, म्हणजे चेंडू फेकणारी, मंडळी सामना चालू असताना आत बसून बीअर पीत आणि तळलेले चिकन खात, अशा बातम्या झळकल्या. व्यवस्थापक टेरी फ्रँकोना यांचे पद गेले. याच संघाने एप्रिलमध्ये पहिल्या बारांपैकी दहा सामने गमावले होते, त्याची आठवण फारशी कोणी काढली नाही. त्यांतला एक जिंकला असता तरी बरोबरी साधून निर्णायक सामना खेळता आला असता. गुणतक्त्यात दोन्ही महिन्यांतील पराभवांचे मोल सारखेच असते.

काढणीला आलेले सोयाबीन परतीच्या पावसाने हातचे गेले, की पेरणीनंतर पडलेला खंड आपल्या मराठवाड्यातही कोणी आठवत नाही. शेवटचा घाव जिव्हारी लागतो, हे मला मान्य आहे. परंतु वार्ताहराने हिशेब पेरणीपासून मांडावा.

१९७८ मध्ये याच रेड सॉक्सने न्यूयॉर्क यांकीज संघावरची चौदा सामन्यांची आघाडी गमावली, तरी शेवटचे आठही सामने जिंकून बरोबरी साधली आणि निर्णायक सामन्यात तो ५-४ असा हरला. मन खचलेला संघ सलग आठ सामने जिंकतो काय? २००७ मध्ये न्यूयॉर्क मेट्सने सात सामन्यांची आघाडी असताना उरलेल्या सतरांपैकी बारा सामने गमावले, हे सर्वांना पाठ आहे. त्याच काळात त्यांना मागे टाकणाऱ्या फिलाडेल्फिया फिलीजने तेरा जिंकले, हे क्वचितच सांगितले जाते.

दोष दाखवायचाच असेल, तर तो निर्णयांत शोधावा. १९६४ मध्ये फिलीज संघ बारा सामने शिल्लक असताना साडेसहा सामन्यांनी पुढे होता आणि सलग दहा हरला. त्या पडझडीत व्यवस्थापक जीन मॉक यांनी जिम बनिंग आणि ख्रिस शॉर्ट या पिचरांना अवघ्या दोन दिवसांच्या विश्रांतीनंतर पुन्हा उतरविले होते. थकलेल्या खांद्यातून चेंडूला वेग आणि वळण मिळेनासे होते. त्याला भित्रेपणा म्हणणे अन्यायाचे आहे.

विभागीय स्पर्धेत हरलेल्या आमच्या मुलींबद्दलचे ‘ऐनवेळी कच खाल्ली’ हे कात्रण शाळेच्या फलकावर लागले, तेव्हा आमची पिचर ते बराच वेळ वाचत उभी होती. ती लागोपाठ दोन सामने खेळून तिसऱ्यात उतरली होती, आणि तिला उतरविण्याचा निर्णय मोठ्यांचा होता. त्या बातमीत यातले काहीच नव्हते.

तरी अशा पराभवाच्या बातमीसोबत महिनावार जय-पराजयाचा तक्ता आणि पुढे गेलेल्या संघाची त्या काळातील कामगिरी छापावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक सेवानिवृत्त क्रीडाशिक्षक, परभणी