पक्यास, नव्या स्कूटरबद्दल

दादर, १४ जुलै

प्रिय पक्या,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला आणि व्हिडिओही पाहिला. फोनवर सांगण्यापेक्षा लिहूनच पाठवतो, म्हणजे गॅरेजमध्ये उभा असशील तेव्हा हाताशी राहील.

स्कूटर नवीकोरी असून जेव्हीएलआरच्या (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडच्या) चढावर झटके खाते, सिग्नलला उभी असताना बंद पडते. आणि शोरूमवाले म्हणतात, "नवीन आहे, हजार किलोमीटर झाले की सुटेल." मला हे अजिबात पटलेलं नाही. नवं इंजिन आवळलेलं असतं हे खरं. सुरुवातीला मायलेज कमी मिळतं, पिकअप जड वाटतो. पण ते अडखळत नाही. मिसिंग, म्हणजे इंजिनाचं असं मध्येच अडखळणं, हा दोष आहे, आणि गाडी वॉरंटीत असताना तो शोधून काढणं त्यांचं काम आहे. वहिनी लेकीला मागे बसवून शाळेत सोडते, मागून बस येत असताना गाडी बंद पडली तर, या विचारानेच मला काळजी वाटते.

आधी एक गोष्ट ठरवू : दुखणं इंजिनाचं की त्याची ताकद चाकापर्यंत नेणाऱ्या बेल्ट-क्लचचं? गाडी गरम झाली की मेन स्टँडवर लाव, मागचं चाक मोकळं राहील आणि जवळपास पोरं नसतील असं बघ. मग हळूहळू रेस दे आणि फक्त सायलेन्सरचा आवाज ऐक. आवाज सलग चढत गेला आणि रस्त्यावर सिग्नल सुटताना तेवढी गाडी थरथरत असेल, तर क्लचचे शूज, बेल्ट, रोलर बघायला सांग. पण आवाजच मध्ये तुटत असेल तर इंजिनाला पेट्रोल, ठिणगी किंवा हवा यांपैकी काहीतरी नीट मिळत नाहीये. तुझ्या व्हिडिओत मला आवाज तुटलेलाच ऐकू येतो.

माझा पहिला संशय पेट्रोलवर आहे. हल्ली पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. थोडं पाणी त्यात मुरून जातं, गाडीला कळतही नाही. पाणी जास्त झालं की मात्र इथेनॉल पेट्रोलची साथ सोडून पाण्यासकट तळाला बसतं, आणि टाकीतला पंप नेमकं तळातलंच ओढतो. तू म्हणालास की गेल्या आठवड्यातल्या धो-धो पावसानंतर त्रास वाढला, आणि तुमच्याकडे गाडी उघड्यावरच असते. बऱ्याच स्कूटरना टाकीच्या तोंडाभोवती साचलेलं पाणी वाहून जायला एक बारीक नळी असते. ती चिखलाने तुंबली की झाकण उघडताना ते पाणी टाकीत उतरतं. म्हणून टाकीच्या तळातलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून घ्यायला सांग आणि बाटली तासभर हलवू नको. गढूळ दिसलं किंवा खाली वेगळा थर बसला, तर रोग सापडला. मग टाकी पूर्ण रिकामी करून साफच करावी लागेल, वरून ताजं पेट्रोल ओतून भागणार नाही. हे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्येच करून घे, घरी नको.

पेट्रोल स्वच्छ निघालं तर ठिणगी पाडणारा प्लग बघायचा. तो काढला की टोक तू स्वतः बघ. फिकट तपकिरी असेल तर ठीक. काजळीने काळं झालं असेल तर पेट्रोल गरजेपेक्षा जास्त जातंय, ओलं असेल तर बहुधा ठिणगीच नीट पडत नाहीये. प्लगच्या टोपीत पाणी गेलंय का, टोपी घट्ट बसते का, हेही त्याच वेळी. आणि टॉर्च मारून वायरिंग बघायला सांग. तुमच्या पार्किंगमध्ये उंदीर आहेत, आणि एखादी कुरतडलेली वायर अशीच कधी चालते, कधी दगा देते.

एवढं मात्र माझं ऐक : नाक्यावरच्या गॅरेजमध्ये "जरा ट्यूनिंग" करून घेऊ नको. १ एप्रिल २०२० पासून बीएस ६, म्हणजे धुराच्या प्रदूषणाचे कडक नियम, आलं आणि स्कूटरचा कार्ब्युरेटर गेला. आता किती पेट्रोल फवारायचं ते सेन्सर बघून कॉम्प्युटर ठरवतो. शिवाय बाहेर काही उघडलं की वॉरंटीला नकार द्यायला शोरूमवाल्यांना निमित्त मिळतं. चावी फिरवल्यावर मीटरवर इंजिनाच्या चित्राचा दिवा लागतो, तो गाडी चालू झाली की विझायला हवा. विझत नसेल तर कॉम्प्युटरने बिघाडाचा कोड साठवलेला असतो, त्यांच्या मशीनवर तो वाचता येतो. दिवा विझतो म्हणून सगळं ठीक, असं मात्र समजू नको.

जॉब कार्डवर "जनरल चेकअप" लिहू देऊ नको. "गरम झाल्यावर चढावर झटके, सिग्नलला बंद पडते, पावसानंतर जास्त" असं तुझ्या शब्दांत लिहून घे, किलोमीटरचा आकडा टाकून घे आणि कार्डाची प्रत माग. मेकॅनिकला मागे बसवून त्याच चढावर ने. सर्व्हिस सेंटरच्या सपाट गल्लीत ही गाडी शहाण्यासारखी चालेल आणि ते तुला परत पाठवतील.

रविवारी सकाळी मी भांडुपला येतो, दोघं मिळून सर्व्हिस सेंटरला जाऊ. टॉर्च माझ्याकडे आहे, तू फक्त एक स्वच्छ काचेची बाटली ठेव. तोवर वहिनीला सांग, शाळेला रिक्षाने जा.

तुझा,
शिऱ्या