मंगळवारच्या जेवणाला बारोलो कशाला? बार्बेरा घ्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत इटालियन रेड वाइनवरचा लेख वाचला, लेख छान आहे, फोटो तर फारच सुंदर, पण त्यात सगळी नावं मोठीच आहेत हो, बारोलो, ब्रुनेल्लो, अमारोने. या वाइन थोर आहेत यात काही वादच नाही. पण मंगळवारी कामावरून दमून आलेल्या माणसाने पास्ता उकळायला टाकलाय आणि सोबत एक ग्लास रेड हवी आहे, खिशाला फार कात्री न लावता, तर त्याने कुठली बाटली उचलायची हे त्यात कुठेच नाही, आणि लोक अडतात ते नेमके तिथेच, म्हणून हे पत्र लिहितोय.

आधी या मोठ्या वाइन महाग का असतात ते बघू. बारोलोला नियमाप्रमाणे कमीत कमी 38 महिने मुरवावं लागतं, त्यातले 18 महिने लाकडी पिंपात. ब्रुनेल्लो तर द्राक्षं खुडल्यावर पाचव्या वर्षीच्या 1 जानेवारीपर्यंत विकताच येत नाही. अमारोनेसाठी द्राक्षं काही महिने वाळवतात, म्हणजे तेवढ्याच द्राक्षांतून रस कितीतरी कमी निघतो. हा सगळा वेळ, जागा आणि अडकून पडलेला पैसा शेवटी बाटलीच्या किमतीत येणारच. शिवाय नवी बारोलो इतकी तुरट असते की ती बरीच आधी उघडून ठेवावी लागते आणि सोबत तसंच भारी मांसाचं जेवण लागतं, मग साध्या टोमॅटो सॉसच्या पास्त्यासोबत ती घेऊन ना वाइनची मजा ना पास्त्याची.

आता इटलीच्या वायव्येकडच्या ज्या पिएमोंते भागात बारोलो होते तिथेच बघा. डोंगरउतारावरची सगळ्यात चांगली, उन्हाची जागा नेब्बिओलो या बारोलोच्या द्राक्षाला देतात कारण ते फार उशिरा पिकतं, आणि बाकीच्या जागेवर बार्बेरा आणि दोल्चेत्तो लावतात. बारोलो पिंपात मुरत असते तोपर्यंत तिथल्या घरांमधे रोजच्या जेवणाला याच दोन वाइन असतात, पिढ्यानपिढ्या. म्हणजे रोजची वाइन म्हणजे दुय्यम दर्जाची असं अजिबात नाही, ती मुळात जेवणासोबत पिण्यासाठीच बनवलेली असते, हाच मुद्दा मला सांगायचाय.

आणि त्यातही माझं मत विचाराल तर बार्बेरा. कारण साधं आहे, तिच्यात आंबटपणा भरपूर आणि टॅनिन कमी. (टॅनिन म्हणजे कडक चहानंतर जीभ आणि हिरड्या कोरड्या पडतात ना, तेच.) टोमॅटो स्वतः आंबट, त्याच्यासमोर कमी आंबट वाइन ठेवली की ती एकदम मिळमिळीत लागते, बार्बेरा मात्र टोमॅटोला पुरून उरते, आणि चीज किंवा तेल जास्त असेल तर तोंडही साफ करते. लेबलवर बार्बेरा दास्ती किंवा बार्बेरा दाल्बा असं लिहिलेलं असतं, म्हणजे आस्ती आणि आल्बा या गावांच्या परिसरातली. 1986 साली काही नफेखोरांनी स्वस्त वाइनमधे मिथेनॉल मिसळलं, माणसं मेली, आणि त्यात बार्बेराचं नाव बदनाम झालं. ते नाव परत मिळवायला तिथल्या चांगल्या उत्पादकांनी खूप कष्ट घेतलेत, 2008 साली बार्बेरा दास्तीला डीओसीजी हा इटालियन वाइनचा सगळ्यात वरचा अधिकृत दर्जा मिळाला. एवढं करूनही पुरवणीत तिला एक ओळ मिळू नये याचं मला खरंच वाईट वाटलं.

बार्बेरा मिळाली नाही तर मोंतेपुल्चानो दाब्रुत्सो बघा. इथे एक घोळ आहे, मला तो कळायला बरीच वर्षं लागली. या नावातलं मोंतेपुल्चानो हे द्राक्ष आहे, अब्रुत्सो भागातलं. पण विनो नोबिले दि मोंतेपुल्चानो ही वेगळीच वाइन, तिथे मोंतेपुल्चानो हे तोस्कानातलं गाव आहे आणि द्राक्ष मुख्यतः सांजोवेझे, आणि किंमतही साधारण जास्तच. नाव अर्धं वाचून बाटली घेतली की हमखास फसतो माणूस.

किआंतीही चालेल, साधी किआंती, तीसुद्धा सांजोवेझेचीच आणि टोमॅटोशी छान जमते. गळ्यावर काळा कोंबडा असेल तर ती किआंती क्लासिको, म्हणजे फ्लॉरेन्स आणि सिएना यांच्या मधल्या मूळ भागातली, थोडा जास्त खर्च करायची तयारी असेल तर जरूर घ्या. रिझेर्वा शब्द मात्र रोजच्यासाठी शोधू नका, रिझेर्वा म्हणजे जास्त मुरवलेली, आणि त्या जास्तीच्या वेळाचे पैसे आपणच देतो. डीओसीजी लिहिलंय म्हणजे उत्तमच असणार असंही नाही बरं का, ते भाग, द्राक्ष आणि पद्धत सांगतं, चवीची गॅरंटी देत नाही. साधी वालपोलिचेल्लाही रोजच्यासाठी चालेल, अमारोनेच्याच भागातली, पण ताज्या द्राक्षांची आणि हलकी.

दक्षिणेकडची प्रिमितिवो हल्ली बऱ्याच जणांना आवडते, गोडसर फळांची चव असते म्हणून, पण तिच्यात अल्कोहोल बहुतेक वेळा 14 टक्क्यांच्या आसपास किंवा वर असतं आणि जेवणात मिरची असेल तर जळजळ आणखी वाढते. तिखटासोबत मी तरी ती घेणार नाही.

एक गोष्ट फुकटात होते आणि फरक खूप पडतो, ती म्हणजे तापमान. या हलक्या रेड वाइन कोमट झाल्या की नुसतं अल्कोहोल नाकात जातं. गरम दिवस असेल तर बाटली अर्धा तास फ्रीजमधे ठेवा, 15-16 अंशाला तीच वाइन कितीतरी ताजी लागते. आणि उरलेली बूच लावून फ्रीजमधेच ठेवली तर पुढचे दोन दिवस आरामात चालते, एका संध्याकाळी संपवायची अजिबात गरज नाही.

तर विनंती एवढीच, पुढच्या वेळी एक पान या रोजच्या वाइनना द्या, आणि लेबलचे फोटो एवढे मोठे छापा की त्यावरचं द्राक्षाचं आणि गावाचं नाव वाचता येईल.

आपला,
एक नियमित वाचक