पाटीवरचा ५०० किलोचा आकडा आणि एकेरी दोर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सिडकोत आमच्या गल्लीत जुन्या घरांवर मजले चढवण्याची कामे सध्या जोरात सुरू आहेत. बहुतेक कामांवर गच्चीच्या कडेला लोखंडी दांड्यावर टांगलेले, दोराने माल वर ओढणारे छोटे विजेचे विंच दिसते. कुणी त्याला हॉइस्ट म्हणतात, कुणी मंकी क्रेन. पाठीवर गोणी घेऊन जिना चढणाऱ्या बिगाऱ्याचे कष्ट त्याने वाचतात, म्हणून माझा त्याला विरोध नाही. मात्र कारखान्याच्या देखभाल विभागात आयुष्य गेलेल्या मला हे यंत्र ज्या रीतीने वापरले जाते ती पाहून स्वस्थ बसवत नाही.

गेल्या आठवड्यात शेजारच्या कामावर तिसऱ्या मजल्यापर्यंत सिमेंटच्या सहा गोण्या एका खेपेत चढवल्या जात होत्या. मी हटकले, तेव्हा मुकादम म्हणाला, "काका, पाटीवर पाचशे लिहिलंय की!" त्याचे वाचन अर्धेच होते. अशा यंत्रांच्या पाटीवर बहुधा दोन आकडे असतात, २५० आणि ५००. दोर ड्रमवरून, म्हणजे तो गुंडाळणाऱ्या नळकांड्यावरून, सरळ खाली सोडून हुकाला बांधला, तर २५० किलो ही मर्यादा असते. सोबत मिळणाऱ्या कप्पीतून तो वळवून त्याचे टोक पुन्हा यंत्राच्या सांगाड्याला अडकवले, तर भार दोन पदरांत वाटला जातो आणि मगच ५०० किलो उचलता येतात. त्या बदल्यात वेग निम्मा होतो आणि उंचीही निम्मी होते. १२ मीटर दोर असेल, तर कप्पी लावल्यावर माल जेमतेम ६ मीटर चढतो, म्हणजे तिसरा मजला हाती लागत नाही. म्हणून कप्पी काढून ठेवतात. वजन मात्र कप्पीच्याच हिशोबाने लादतात. ५० किलोच्या पाच गोण्या आणि खालचा लोखंडी पाळणा एवढ्यानेच एकेरी दोराची मर्यादा ओलांडली जाते.

यंत्राची रचना साधी आहे. मोटर वेगाने फिरते, दातेचक्रांची पेटी तो वेग कमी करून जोर वाढवते आणि त्या जोरावर ड्रम दोर गुंडाळतो. ब्रेक स्प्रिंगने कायम आवळलेला असतो आणि वीज मिळाली तरच सुटतो, त्यामुळे वीज गेली तरी माल खाली न कोसळता जागीच लटकून राहतो. ही सोय चोख आहे, पण ब्रेकचे अस्तर झिजलेले असेल तर तिचा उपयोग नाही, आणि लटकत्या मालाखाली उभे राहण्याची मुभाही ती देत नाही.

विजेच्या जोडणीकडे तर कुणाचेच लक्ष नसते. खालच्या मीटरपासून बारीक वायरची लांबलचक जोडणी वर नेली की वाटेतच विजेचा दाब (व्होल्टेज) घटतो. २३० व्होल्टचे १९० झाले, तर मोटरचा जोर दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटून जवळपास दोन तृतीयांशावर येतो. मोटर गुणगुणते, तापते आणि मग ऐन उचलण्याच्या वेळी दगा देते. ही यंत्रे सलग चालवण्यासाठी नसतात. पाटीवर २० टक्के असे लिहिलेले असेल, तर दहा मिनिटांत दोनच मिनिटे चालवावे. वायर जाड असावी, अर्थिंग खरोखर जोडलेले असावे आणि ३० मिलिअँपिअर वीज गळली की पुरवठा तोडणारे गळती-संरक्षक स्विच बसवलेले असावे.

दोराबद्दल दोनच गोष्टी सांगतो. माल अगदी खाली असतानाही ड्रमवर किमान तीन वेढे शिल्लक राहिले पाहिजेत, कारण दोराच्या टोकाचा स्क्रू पूर्ण भार पेलण्यासाठी नसतो. तुटलेल्या तारा, पीळ किंवा चेपलेली जागा दिसली की तो दोर गाठ मारून वापरू नये, फेकून द्यावा. फिरत्या दोराला हात लावू नये. हातमोजा दोरात अडकून हातही ड्रममध्ये ओढला जातो.

उन्हाळ्यात दिंडोरी, निफाड, सिन्नरकडे विहिरींतला गाळ काढताना यारीच्या, म्हणजे विहिरीवरच्या उचल-यंत्राच्या, बादलीत बसून माणसे खाली उतरतात, ती प्रथा मला याहून धोकादायक वाटते. माल उचलणाऱ्या यंत्राने माणूस उचलायचा नसतो, कारण दोर व ब्रेक यांचा हिशोब मालासाठीच केलेला असतो. ज्या यारीचा ब्रेक चालकाच्या पायावर अवलंबून आहे, तिथे तर त्याचा पाय सटकला की संपले.

आमच्या नोकरीच्या काळात कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम २९ नुसार प्रत्येक उचल-यंत्राची व दोराची बारा महिन्यांतून किमान एकदा जाणकाराकडून तपासणी व्हायची. गल्लीतल्या कामावर भाड्याने येणाऱ्या यंत्राला तसा कोणी विचारत नाही. २०२७ च्या सिंहस्थापूर्वी शहरात बांधकामांची घाई आहेच. तेव्हा भाड्याने यंत्र देणाऱ्या दुकानदारांनी दोर तपासल्याची तारीख पावतीवर लिहावी, यंत्रासोबत कप्पीही द्यावी आणि एकेरी दोराची मर्यादा मराठीत ठळक रंगवावी, एवढी माझी विनंती आहे. घरमालकांनीही ती पावती मागून पाहावी.

आपला,
एक निवृत्त देखभाल कर्मचारी,
सिडको, नाशिक